काळोखातले जिवंत पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

'जिवंत झरा' हा शब्दप्रयोग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. आमच्या डोंगरी मुलखात विहीर खणताना तळाशी असा झरा लागला, की खणणारे गडी काम थांबवून वर हाक देतात आणि नारळ फुटतो. जिवंत म्हणजे नेमके काय, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : जो आतून उमळतो आणि वैशाखातही आटत नाही, तो जिवंत. माझी आज्जी झऱ्याच्या तोंडाशी धुणे घेऊन बसणाऱ्या बायकांवर ओरडायची, "जितं पानी हाय ते, तिथं साबण लावू नगा." तिला अर्थात वाहते पाणी म्हणायचे होते. परंतु तिला वाटत होता त्याहून तो शब्द पुष्कळच अधिक खरा आहे, असे गेल्या दीड-दोन वर्षांच्या वाचनातून माझे मत झाले आहे. आणि ज्या पाण्याला आपण जिवंत म्हणतो त्याच्याशी आपण वागतो मात्र ते रिकामे असल्यासारखे, ही माझी तक्रार आहे.

प्रारंभीच सांगते, मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. भूगोलाच्या तासाला जांभा दगडाचा विषय निघाला, त्यातून ग्रंथालयातली दोन-चार पुस्तके चाळली, आणि एकातून दुसरे असे करीत मी एका अशा सृष्टीपाशी येऊन ठेपले, की जी आपल्या पायाखाली आहे आणि तरी जिचा उल्लेख पाचगणीच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत मला सापडला नाही. गुहांतल्या आणि खडकांतल्या पाण्यात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची ही सृष्टी. 'कला शाखेच्या मुलीला जंतूंशी काय करायचे?' असा प्रश्न माझ्या एका मैत्रिणीने विचारलाच. त्याचे उत्तर पुढे देईन.

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे. या जीवांचे सारे शरीर एकाच पेशीचे. तीच तोंड, तीच पोट, तीच हातपाय. अमीबाची आकृती वहीत काढली नाही असा विद्यार्थी विरळा. (कड कशीही वेडीवाकडी काढली तरी गुण मिळतात, एवढाच बहुतेकांचा अमीबाशी ऋणानुबंध!) अमीबा, अंगभर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका असलेला पॅरामीशियम, चाबकासारखी शेपटी हालवत पोहणारे कशाभिकाधारी जीव, हे सारे आदिजीव. त्यांच्याहून कितीतरी लहान आणि साध्या घडणीचे ते जीवाणू. ओढ्याच्या, तळ्याच्या पाण्यात हे असतात हे आपण शाळेत शिकलो. जेथे सूर्याचा किरण कधीच पोचत नाही अशा पाण्यातही ते असतात, हे मात्र आपल्याला कोणी शिकवले नाही.

आता आपल्या गुहांविषयी. मराठीने येथे एक चांगला भेद करून ठेवला आहे. माणसाने छिन्नीने कोरले ते लेणे, आणि निसर्गाने पोखरली ती गुहा. लेण्यांचा महाराष्ट्र म्हणून आपली ख्याती आहे. गुहांच्या बाबतीत आपण गरीब, असे समजले जाते. मेघालयात चुनखडीचा दगड पाण्यात विरघळून मैलोगणती लांबीच्या गुहा झाल्या आहेत. आपला सह्याद्री पडला काळ्या बसाल्टचा, तो असा सहजी विरघळत नाही. परंतु पाचगणी आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर बसाल्टवर जांभ्याची टोपी आहे. लक्षावधी वर्षांच्या ऊनपावसात काळ्या खडकातली सिलिका धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. टेबललँड म्हणजे हीच टोपी. जांभ्याच्या पोटात लहानमोठ्या पोकळ्या असतात, नळ्या असतात, आणि कोठे कोठे माणूस शिरेल एवढ्या गुहाही. टेबललँडच्या कडेची 'डेव्हिल्स किचन' आपण सर्वांनी पाहिली आहे. पांडवांचे नाव तिला चिकटले आहेच, कारण आपल्याकडे कोठलीही गुहा पांडवांवाचून राहत नाही. राजपुरीला कार्तिकस्वामींच्या गुहा आहेत, त्यांच्या भोवती कुंडे आहेत, आणि त्या कुंडांत स्नान केल्याने व्याधी जातात अशी श्रद्धा आहे. जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह गोमुखातून पडताना आपण हात जोडतो. हे सारे पाणी कोठून येते? वरच्या पठारावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो, खालच्या चिकण मातीच्या किंवा घट्ट खडकाच्या थराशी अडतो, आणि त्या थराच्या उताराने आडवा जात जात कड्याच्या कुशीतून बाहेर पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला जो वाटा खाली मुरतो तो आठवडे, महिने, कधी त्याहूनही जास्त काळ काळोखात प्रवास करीत असतो. तीर्थाचा तो प्रवास आपण पाहत नाही. आपण फक्त त्याचे शेवटचे दोन हात पाहतो.

त्या काळोखात जगणाऱ्यांचे अन्न काय, हा मला पडलेला पहिला प्रश्न. वर पृथ्वीवर सगळा संसार हिरव्या पानावर चालतो. पान उन्हातून अन्न करते आणि बाकीचे सारे त्याच्या जिवावर जगतात. गुहेत ऊन नाही म्हणजे पान नाही. मग तेथे एक तर वरून जे झिरपेल त्यावर भागवावे लागते : कुजलेल्या पाल्याचा अर्क, खडकाच्या फटीतून खाली उतरलेली मुळे, वटवाघळांची शिट. घरच्या मनिऑर्डरवर वसतिगृहात दिवस काढणाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको. आणि दुसरा मार्ग आहे तो खराखुरा स्वाभिमानाचा. काही जीवाणू चक्क दगडातून येणाऱ्या द्रव्यांवर जगतात. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा, गंधकाच्या संयुगांचा प्राणवायूशी संयोग घडवून आणायचा आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर आपले शरीर उभारायचे. सूर्याचे एका पैचे देणे नाही! रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८८७ च्या सुमारास गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करून ही गोष्ट प्रथम मांडली.

यांपैकी लोहजीवाणूंना आपण रोज पाहतो आणि ओळखत नाही. जांभ्यातून पाझरणाऱ्या एखाद्या संथ झऱ्याच्या काठी नारिंगी रंगाचा बुळबुळीत गाळ साचलेला असतो. पाण्यावर कधी तेलकट, इंद्रधनुष्यी साय येते. गावातले लोक म्हणतात गंज उतरला, शहरातले म्हणतात कोणी रॉकेल सांडले. ती साय काडीने मोडून पाहावी. तेल असेल तर ते पुन्हा एकत्र येते. लोहजीवाणूंची साय असेल तर काचेसारखे तुकडे होऊन तशीच तरंगते. ही परीक्षा कोणालाही करता येईल; त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, वाकण्याची तयारी लागते. तो नारिंगी गाळ म्हणजे त्या जीवांनी पाण्यातले लोह वापरून मागे टाकलेली राख आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्या गाळात आदिजीव चरतात. अमीबा आणि पक्ष्माभिकाधारी जीव हे जीवाणूंच्या थरावर, गाई कुरणात चराव्यात तसे हिंडत असतात. त्यांना खाणारे सायक्लॉपससारखे बारीक कवचधारी, त्यांना खाणारे आणखी कोणी. सारी उतरंड त्या तळच्या मडक्यावर उभी असते.

ही उतरंड केवळ कल्पनेतली नाही याचा जगाला सर्वांत मोठा दाखला मिळाला तो रुमानियात. काळ्या समुद्राजवळ मंगालिया गावाशेजारी १९८६ साली बांधकामासाठी खड्डा घेताना एक गुहा उघडी पडली. मोविले तिचे नाव. बाहेरच्या जगाशी तिचा दरवाजा लाखो वर्षे बंद होता. आतल्या हवेत प्राणवायू कमी, पाण्याला गंधकाचा वास, आणि पाण्यावर जीवाणूंची जाड साय तरंगते आहे! त्या सायीवर कोळी, गोम, जळवा, पाणविंचू असा सारा गोतावळा पोसला जातो आहे. त्यांतल्या कित्येक जाती पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही नाहीत. १९९६ साली याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा सूर्याविना चालणारा भूगर्भातला संसार प्रथमच तपशिलाने जगापुढे आला.

रुमानिया फार लांब झाले. आपल्या सातारा जिल्ह्यातच काय घडले ते पाहा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. त्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कोयनेच्या परिसरात खोल छिद्रे घेण्यात आली. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची संशोधन प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ साली तेथील एक छिद्र तीन किलोमीटर खोलीपर्यंत पोचले. वरचा बसाल्टचा थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. खडकाचे जे लांब दांडे वर काढले गेले त्यांपैकी काहींची तपासणी खरगपूरच्या आय.आय.टी.तील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी केली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळ्याकभिन्न, कोंदट, तापलेल्या खडकातही जीवाणू आढळले. संख्येने अगदी थोडे, पण आढळले. भूकंपाची नाडी पाहायला गेलेल्यांना खडकात जीव सापडावा, याला काय म्हणावे! ही बातमी मी इंग्रजीतून वाचली. आपल्या जिल्ह्याच्या पोटात काय आहे ते मला खरगपूरहून कळले. कराडहून पाचगणीला ते मराठीतून पोचले नाही, याचा विषाद वाटतो.

अशा खोल जागी राहणाऱ्यांची घाईच नसते. आपल्या आतड्यातला जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. खोल खडकातल्या उपाशी जीवाणूला त्यासाठी वर्षे लागू शकतात. थोडे खाणे, हळू वाढणे, वाट पाहणे, हा त्यांचा धर्म. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या तक्रारीचा सारा भार तिच्यावर आहे.

आता गंमत अशी की याच उतरंडीचे वरचे मडके कोणाच्या दृष्टीस पडले, की त्याची लगेच नोंद होते. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्ह येथील वामेसारख्या लांबुडक्या माशाचे वर्णन सायलस आणि डॉसन यांनी १९६१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केले आणि तो शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. २०२१ साली मुंबईच्या एका विहिरीतून मिळालेल्या, दृष्टी नसलेल्या अशाच एका माशाला मुंबादेवीच्या नावावरून 'मुंबा' हे नाव मिळाले; वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्रही आले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु तो आंधळा मासा ज्यांच्यावर जगतो, आणि ते ज्यांच्यावर जगतात, त्या तळच्या एकपेशीयांचे छायाचित्र कोण छापणार? कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, कारण तेथे फुले आहेत. फुलांवर माझा मुळीच राग नाही. पण सौंदर्य दिसले तरच संरक्षण, हा न्याय काळोखात राहणाऱ्याला कसा परवडावा?

आपल्या मनात या जीवांविषयी एकच शब्द आहे : जंतू. त्याला कारणही आहे. रोगांनी आपल्याला फार छळले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला. पायऱ्यांच्या विहिरीतून होणारा नारू आपल्या आजोबा-आजींनी पायाला काडी गुंडाळून काढला आहे. त्या सायक्लॉपसविरुद्ध विहिरीविहिरींत औषध टाकून देशाने मोहीम चालवली आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे मोठे काम होते आणि ते झाले नसते तर मी कदाचित हा लेख लिहायला नसते. तेव्हा पिण्याचे पाणी निर्जंतुक करू नये असे मी म्हणत आहे, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. माझे म्हणणे एवढेच, की ते टाकीत करावे. कित्येक ठिकाणी टी.सी.एल. पावडरीची पुरचुंडी थेट झऱ्याच्या मुखाशी, खडकाच्या कपारीत ठेवलेली मी पाहिली आहे. वाहत्या पाण्यात औषध टिकत नाही, ते वाहून जाते. पिणाऱ्याला लाभ नाही, आणि कपारीतले जे जीव रोगाचे कधीच नव्हते ते तेवढे मरतात. टाकीत साठवलेल्या पाण्यात मोजून टाकलेली तीच पावडर आपले काम चोख करते.

याच संदर्भात मला एक प्रथा आठवते. माझी वसतिगृहातली मैत्रीण सांगली जिल्ह्यातल्या जैन शेतकरी कुटुंबातली. तिच्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात हे मला ठाऊक होते. तसे आपणही गाळतो. पण गाळून झाल्यावर आपण फडके झटकतो, तिची आजी झटकत नाही. ते फडके उलटे करून त्यावरून गाळलेले पाणी हळूच ओतते, आणि ते पाणी ज्या विहिरीचे असेल त्याच विहिरीत, वरून न फेकता, बादली खाली पाण्यापर्यंत सोडून परत करते. याला 'जिवाणी' म्हणतात. फडक्यातून जीवाणू गाळले जात नाहीत, ते त्याहून फार बारीक असतात, हे मला कळते. तरीही ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात गेला पाहिजे, ही जी जाण त्या निरक्षर आजीला आहे ती अंमळ विचार करण्याजोगी आहे. एका विहिरीचा जीव दुसऱ्या विहिरीत टाकला तर तो जगेलच असे नाही, हे आजचे शास्त्रही सांगते. धर्म कोणताही असो, त्या बादलीच्या दोरीला मी मनोमन नमस्कार केला.

मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. एकपेशीय जीव माणसाने प्रथम पाहिले ते १६७४ साली. पाहणारा होता लेव्हेनहूक, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. कापडाचे सूत तपासायला व्यापारी भिंग वापरीत. हा भिंगे स्वतः घासू लागला. तळ्यातले पाणी त्याने भिंगाखाली धरले आणि त्यात हालणारे जीव पाहिले. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता. त्या काळी विद्येची भाषा लॅटिन, आणि ती त्याला येत नव्हती. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली ती आपल्या डच मातृभाषेत. भाषांतर करून घेणे हे त्यांचे काम, असे त्याने मानले असावे! आरंभी त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे त्यांनीच त्याला सदस्य करून घेतले. ज्याच्या घरात आधी कोणी शिकले नाही अशा विद्यार्थ्याला हा माणूस किती जवळचा वाटतो, हे मी कसे सांगू? तेव्हा कला शाखेच्या मुलीने जंतूंशी काय करायचे, तर एवढेच : पाहायचे, आणि आपल्या भाषेत लिहून ठेवायचे. वर्णन करणे हे भाषेचे काम आहे आणि त्याचे शिक्षण आपल्याला येथे मिळते आहे. गोड्या पाण्याच्या माशांना आपल्याकडे गावागावांत नावे आहेत, गवतांना आहेत, पावसाच्या सरींना आहेत; झऱ्यातल्या त्या नारिंगी गाळाला मात्र आमच्या गावात 'घाण' याखेरीज दुसरे नाव नाही.

आणि आता ज्यासाठी हे सारे लिहिले त्याकडे वळते. जांभा हा गाळणीचा दगड नव्हे, तो चाळणीचा दगड आहे. जाड मातीतून पाणी झिरपताना मातीतच पुष्कळ शुद्धी होते; जांभ्याच्या नळीतून पाणी घोडदौड करीत जाते, आणि त्याच्याबरोबर आपण वर जे काही टाकू तेही. पठारावर घरे वाढली, हॉटेले वाढली, आणि प्रत्येकाचा शोषखड्डा त्याच जांभ्यात खणलेला आहे. 'खड्डा भरतच नाही हो आमचा,' असे एक गृहस्थ मोठ्या समाधानाने सांगत होते. भरत नाही, कारण तो खालच्या कोणाच्या तरी पाणवठ्यात रिकामा होतो आहे! दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या वाडीच्या एका झऱ्याच्या पाण्याला वास येऊ लागला. वर नवी इमारत झाली होती. कोणाचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. तक्रार झाली, पाहणी झाली, वास पावसात धुऊन गेला आणि प्रकरणही. वाडीतल्या बाया पुढे दीड मैल लांबच्या पाण्यावर जाऊ लागल्या.

अशा वेळी खाली काय होते? उपाशी राहण्याची सवय असलेल्या घरात एकदम पंगत उठावी तसे होते. सांडपाण्याबरोबर भरमसाट अन्न येते, आणि त्याबरोबर वीस मिनिटांत दुप्पट होणारी वरची मंडळी. ती पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. हळू वाढणारे, थोडक्यात भागवणारे मूळचे रहिवासी या धांदलीत टिकत नाहीत. पाणी तेवढेच राहते, वाहतही राहते, आमच्या व्याख्येप्रमाणे 'जिवंत'ही राहते. पण ज्यांच्यामुळे ते खरोखर जिवंत होते ते गेलेले असतात. पाण्यात मैला शिरल्याची पहिली वार्ता त्यांनाच असते, आपल्याला ती रुग्णालयात कळते. विंधन विहिरींनी पाण्याची पातळी खाली नेली म्हणजे काय होते ते तर सांगायलाच नको. मासा निदान तडफडताना दिसतो.

गुहेत दिवे लावण्याचेही असेच आहे. फ्रान्समधील लास्को ही प्राचीन चित्रांची गुहा १९४० साली सापडली. प्रेक्षकांची रीघ लागली. त्यांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर हिरव्या एकपेशीय शेवाळाची बुरशीसारखी पसरण झाली, आणि १९६३ साली ती सर्वसामान्यांना बंद करावी लागली. जेथे ऊन नाही म्हणून हिरवे नाही, तेथे आपण ऊन नेतो आणि मग हिरवे आले म्हणून घासायला बसतो. आपल्याकडच्या देवस्थानाच्या गुहेत एखाद्या भाविकाने श्रद्धेने बसवलेल्या ट्यूबलाइटच्या भोवती हिरवे वर्तुळ दिसले, तर ते कशाचे आहे हे निदान आपल्याला ओळखता यावे. समईच्या उजेडाने एवढे घडत नाही. देवालाही समई पुरत होती.

यावर एक आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागतो आणि तो मी हलका मानत नाही. आमच्या घरची चूल पर्यटकांवर पेटते. वडील हंगामात घोडा फिरवतात, आई एका लॉजवर चादरी धुते. माझ्या परीक्षेची फी त्याच पैशांतून भरली गेली. "माणसं येऊ नयेत असं लिव्हतीयास का काय?" असे वडिलांनी विचारले. तसे मी लिहीत नाही. माणसे यावीत. त्यांच्यासाठी संडासही हवेत, नव्हे, ते चांगलेच हवेत. उघड्यावरची घाण तर पहिल्याच पावसात जांभ्यात उतरते. परंतु महाबळेश्वर-पाचगणी हा भाग १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. म्हणजे येथे काय बांधायचे आणि सांडपाण्याचे काय करायचे याला नियम आहेत. इमारत किती उंच आहे ते रस्त्यावरून दिसते म्हणून त्यावर वाद होतात. शोषखड्डा किती खोल आहे ते दिसत नाही म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. मैलापाणी बंद टाकीत घेऊन त्यावर प्रक्रिया करण्याला खर्च येतो, हे मान्य. तो खर्च आज कोणी तरी करतेच आहे : दीड मैल चालणाऱ्या बाया करीत आहेत.

२००२ सालच्या जैविक विविधता कायद्यात प्राणी आणि वनस्पती यांच्याबरोबर सूक्ष्मजीवांचाही उल्लेख आहे, हे मला वाचून नवल वाटले. त्या कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अशा नोंदवहीत झाडे असतात, पक्षी असतात, औषधी मुळ्या असतात. झरेही असावेत, प्रत्येक झऱ्याचे नाव, तो कोणत्या कड्यातून येतो, कोणत्या महिन्यात किती राहतो, गाळाचा रंग कोणता, साय मोडली तर जुळते की तुकडे होतात, आणि त्याच्या वरच्या अंगाला पठारावर काय काय आहे. एवढे तर आपल्यापैकी कोणालाही करता येईल. द्वितीय वर्षाच्या आम्ही चौघीजणी येत्या मे महिन्यात आमच्या बाजूच्या वाड्यांपासून आरंभ करणार आहोत. पाण्याचे नमुने दोनदा घ्यायचे ठरवले आहे, एकदा वळवाआधी आणि एकदा मृगाचा पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनी. बाटल्या उकळून घेऊ, गुहेत शिरताना पायताण बाहेर ठेवू, गाळ चमच्याहून अधिक उचलणार नाही. आपल्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक यंत्र नाही. येथल्या मोठमोठ्या निवासी शाळांपैकी एखादीच्या प्रयोगशाळेतले यंत्र रविवारी दोन तास वापरायला मिळू शकेल काय, याची चौकशी प्राध्यापकांपैकी कोणी केली तर आमचे काम पुष्कळ सोपे होईल.